पायऱ्यांच्या भातशेतीत फुटबॉलवाल्या मुली: वारसा जपणं की वारशाची जाहिरात?

उत्तरवाट

मी गेली सात वर्षं जपानच्या निगाता प्रांतात, नागाओका शहरात राहतो. इथून दक्षिणेच्या डोंगरात मात्सुदाई नावाचं गाव आहे. 2005 पर्यंत ते स्वतंत्र नगर होतं, मग तोकामाची शहरात विलीन झालं. हिवाळ्यात तीन-चार मीटर बर्फ पडतो. उतारावर भाताच्या पायऱ्या आहेत, त्यांना इथे तानादा म्हणतात. एकट्या होशितोगे वाडीत अशी दोनशेच्या आसपास खाचरं आहेत. वसंतात पाण्याची ददात पडू नये म्हणून शेतकरी बर्फ पडायच्या आधीच पाणी भरून ठेवतात. पहाटे त्या पाण्यात आभाळ उतरतं आणि खाली दरीत ढग साचलेले असतात. हे बघायला लोक अंधारात गाड्या काढून येतात.

ही शेती करणारे आता बहुतेक सत्तरीच्या पुढचे आहेत. मुलं तोक्योला गेली. इथे 2015 मध्ये एक वेगळा प्रयोग सुरू झाला. 'एफसी एचिगो-त्सुमारी' नावाचा महिलांचा फुटबॉल संघ उभा राहिला. खेळाडू बाहेरून इथे राहायला येतात, सरावाबरोबर पायऱ्यांची शेती करतात आणि रविवारी प्रादेशिक लीगचे सामने खेळतात. सुरुवातीला अगदी मोजक्या मुली होत्या. पटसंख्येअभावी बंद पडलेल्या नुनागावा प्राथमिक शाळेचं मैदान त्यांना मिळालं. शेती 'तानादा बँक' नावाच्या योजनेतून चालते. शेतकऱ्याला झेपेनाशी झालेली खाचरं बँक कसायला घेते, शहरातले लोक पैसे भरून त्यांचे 'पालक' होतात आणि सुगीला त्यांना तांदूळ मिळतो.

संघाच्या बातम्या येतात, फोटो फिरतात, मुली गावाच्या तांदळाबद्दल बोलतात. माझ्या ओळखीतले काही जपानी लोक याला 'दिखावा' म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. लावणीला वाकलेल्या माणसाला दिखाऊ म्हणायला जीभ कशी रेटते? तुमचं मत मांडा, विरोधी असलं तरी.

रानजाई

विरोधीच मांडते. मुलींच्या कष्टांबद्दल आदर आहे, त्यांच्यावर माझा रोख नाही.

आकडे बघा. जपानमध्ये शेती हाच मुख्य व्यवसाय असलेले लोक 2015 मध्ये साडेसतरा लाख होते, 2024 मध्ये 11 लाखांवर आले. सरासरी वय 69 च्या घरात. 1962 मध्ये माणशी वर्षाला 118 किलो तांदूळ खाल्ला जायचा, आता 50 किलोच्या आसपास. त्यावर सरकारनं 1970 पासून जवळपास अर्धं शतक शेतकऱ्यांना भात *कमी* लावायला सांगितलं, त्यासाठी पैसे दिले. ते धोरण अधिकृतपणे 2018 मध्ये संपलं. दोन पिढ्यांनी घरात हेच ऐकलं की तुमचं पीक देशाला जड झालंय. मुलं गेली ती त्यामुळे गेली. गावाची जाहिरात कमी पडली म्हणून गेली नाहीत.

आता त्या जखमेवर आपण फुटबॉल संघ, कला महोत्सव आणि पहाटेचे फोटो ठेवतोय. पर्यटक बघून परत जातो. बांधावरचं गवत उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा कापावं लागतं, ते कापायला तो येत नाही. तरुणांना गावाचे प्रचारक करण्यापेक्षा शेतकऱ्याला दाम द्या, प्रचार आपोआप होईल.

उत्तरवाट

रानजाई, इतिहास तुम्ही बरोबर सांगितलात. पण दामाचा प्रयोग नुकताच आपल्या डोळ्यांसमोर झाला आहे. 2024 च्या उन्हाळ्यात दुकानांतून तांदूळ गायब झाला. 2025 च्या मे महिन्यापर्यंत पाच किलोची पिशवी 4000 येनच्या वर गेली, म्हणजे वर्षभरापूर्वीच्या दुप्पट. सरकारला राखीव साठा बाहेर काढावा लागला. 'मला तांदूळ विकत घ्यावा लागत नाही, समर्थक देतात' असं बोलल्यामुळे कृषिमंत्री एतो यांना राजीनामा द्यावा लागला. भाव इतका चढूनही फायदा झाला तो मुख्यतः सपाटीवर मोठी यंत्रं चालवणाऱ्यांचा. डोंगरातल्या वाकड्या खाचरात मोठं कापणी यंत्र वळतच नाही. तिथला माणूस भाव वाढला म्हणून पंचाहत्तराव्या वर्षी नवीन पायरी कसायला घेत नाही. तिथे कमी पडतात ती माणसं.

पाणलोट

मी भूस्खलनाच्या कामातला आहे, त्या बाजूनं लिहितो. हा मुद्दा चर्चेत येतच नाही आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो.

मात्सुदाईचा डोंगर मुळात सरकणारा आहे. तिथल्या पुष्कळशा पायऱ्या जुन्या भूस्खलनांच्या मातीवरच उभ्या आहेत. माती खोल, भुसभुशीत, पाणी धरणारी, म्हणून भात चांगला येतो आणि म्हणूनच धोकाही आहे. शेत कसलं जातं तेव्हा चिखलणीनं तळ बंद राहतो, बांध लिंपले जातात, पाणी ठरलेल्या पाटानं खाली उतरतं. शेत सोडलं की तळ वाळून तडकतो. मग पाऊस आणि बर्फाचं पाणी त्या भेगांतून खोल जातं आणि उतार आतून ढिला होतो. एक पायरी सोडली की तिचं पाणी खालच्याच्या डोक्यावर येतं.

त्या भागात पूर्वजांनी हातानं खणलेले बोगदे आहेत, त्यांना 'माबू' म्हणतात. त्यांतून पाणी वळवलं जातं. काही ठिकाणी नदीचं वळण कापून प्रवाह सरळ केला आणि सुटलेल्या पात्रात भातशेती केली, तिला 'सेगाए' म्हणतात. ही काय ताकदीची कामं आहेत! यातलं काहीही माणसाच्या नजरेशिवाय टिकत नाही. 2004 च्या 23 ऑक्टोबरला चुएत्सू भूकंप झाला (6.8 तीव्रतेचा), तेव्हा या सगळ्या पट्ट्यात दरडी कोसळल्या होत्या.

म्हणून रोज शेतात जाणारा माणूस फुटबॉल खेळतो की सनई वाजवतो, यानं मला फरक पडत नाही. तो रोज जातो ना, मग बस.

रानजाई

पाणलोट, अतिशय उत्तम माहिती. पण यातून माझंच म्हणणं पक्कं होतं. ही शेती जर दरडी थोपवण्याचं काम करत असेल, तर ते सार्वजनिक काम आहे. त्याचा पगार सरकारनं द्यावा. डोंगराळ शेतीसाठी थेट अनुदान 2000 सालापासून आहे: तीव्र उताराच्या भातशेतीला दर 10 आर, म्हणजे आपल्या साधारण दहा गुंठ्यांना, 21,000 येन. त्यासाठी वाडीनं मिळून पाच वर्षं शेती टिकवण्याचा करार करायचा. सत्तरीतल्या माणसांनी पाच वर्षांची हमी द्यायची! त्या करारावर सही करताना त्यांच्या मनात काय येत असेल? ही रक्कम वाढवा, करार माणसाच्या वयाला शोभेसा करा. विशीतल्या मुलींच्या उत्साहावर डोंगर तोलून धरू नका. त्यांचा गुडघा दुखावला, लग्न झालं, दुसरीकडे संधी मिळाली, तर?

ठाणेकर_सध्या_निशिकासाई

मागच्या वर्षी तोक्योहून शिंकानसेननं एचिगो-युझावा आणि पुढे होकुहोकु लाइननं मात्सुदाईला गेलो होतो. स्टेशनाला लागूनच 'नोबुताई' ही इमारत आहे. तिथल्या एका ठिकाणी उभं राहिलं की इल्या आणि एमिलिया काबाकोव्ह यांची 'द राइस फील्ड्स' ही कलाकृती दिसते. समोर हवेत टांगलेल्या ओळी, त्यांत भातशेतीच्या कामांचं वर्णन, आणि पलीकडच्या खऱ्या पायऱ्यांवर नांगरणाऱ्या, पेरणाऱ्या, कापणाऱ्या माणसांच्या निळ्या-पिवळ्या आकृत्या. ओळी आणि शेत एकावर एक येतात. ही 2000 च्या पहिल्या 'एचिगो-त्सुमारी' कला महोत्सवातली.

तिची गोष्ट तिथेच कळली. त्या जमिनीचे मालक तेव्हा शेती सोडण्याच्या विचारात होते, म्हणून आधी त्यांनी नकार दिला. नंतर कलाकारानं काय मांडलंय ते पाहून होकार दिला आणि पुढची काही वर्षं तिथे भात लावत राहिले. आपण आयुष्यभर जे केलं ते कुणी सोव्हिएत संघात जन्मलेल्या माणसानं एवढं निरखून लिहिलं, याचा त्यांच्या मनावर परिणाम झाला असणार. रानजाई, अनुदानानं हे झालं नसतं. शेतकऱ्यालाही कुणीतरी बघावं लागतं.

कुणगा

राजापूर तालुक्यात आमची भातशेती आहे. होती म्हणायला हवं, कारण सतरा कुणग्यांपैकी (भाताच्या खाचरांपैकी) चारच लावतो. बाकी पडीक. भाऊ मुंबईला, मुलगा पुण्याला. डुकरं आणि माकडं उरलेल्यावर ताव मारतात.

हा धागा दोनदा वाचला. ठाणेकर म्हणतात ते मला पटतं आणि टोचतंही. आमच्याकडेही जूनमध्ये शहरातली पोरं 'लावणीचा अनुभव' घ्यायला येतात. अर्धा दिवस चिखलात, मग फोटो, मग जेवण. त्यांनी लावलेला तरवा बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी आम्हीच नीट करतो. राग नाही येत, पोरं मनानं चांगली असतात. पण बेणणीला कोणी येत नाही, झोडणीला कोणी येत नाही.

उत्तरवाट, मला एवढंच विचारायचंय: त्या मुली वर्षभर असतात का? आणि बांध लिंपायला कुणाकडून शिकल्या?

उत्तरवाट

कुणगा, त्या तिथेच राहतात, हाच तर फरक आहे. आणि शिकल्या गावातल्या म्हाताऱ्यांकडून. मोठ्या खाचरात ट्रॅक्टरला जोडायचं बांध लिंपायचं यंत्र चालतं, पण लहान, वाकड्या तुकड्यांत फावड्यानंच चिखल ओढून थापावा लागतो. ते पुस्तकातून येत नाही.

रानजाई, गुडघ्याचा मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळत नाही. सरकारी 'चिइकी-ओकोशी क्योर्योकुताई' योजनेतही (2009 पासून, शहरातले लोक जास्तीत जास्त तीन वर्षं गावात काम करतात) हीच धास्ती असते की मुदत संपली की निघून जातील. पण बरीच माणसं त्याच भागात राहतात, काहीजण तिथेच धंदा काढतात. संघातल्याही सगळ्या मुली टिकणार नाहीत. तरी जी पाच वर्षं एक पायरी कसते, ती त्या पाच वर्षांत ती पायरी तडकू देत नाही. पाणलोट यांच्या हिशेबात त्याला किंमत आहे ना?

पाणलोट

आहे. पाच वर्षं म्हणजे पाच पावसाळे आणि पाच वेळा बर्फ वितळणं.

देवराई

एक वेगळी काळजी. वारसा म्हणून जे विकलं जातंय ते कोशिहिकारी भाताच्या नावावर, आणि ते वाण 1956 चं. 2023 चा उन्हाळा इतका तापला की निगातातल्या कोशिहिकारीपैकी पहिल्या प्रतीचा तांदूळ 5 टक्क्यांच्या आसपास आला, एरवी तो बहुतांश असतो. दाणे पांढुरके पडले. डोंगरात रात्री गार असतात म्हणून थोडा दिलासा, पण किती वर्षं? उद्या वाण बदलावं लागलं तर हेच प्रचारक तरुण गिऱ्हाइकाला ते समजावून सांगतील का, की जुन्या नावाला चिकटून राहतील? मला वाटतं त्यांची खरी कसोटी तिथे लागेल. फोटो काढणं सोपं आहे. 'यंदा दाणा पांढुरका आहे, तरी घ्या, शिजवल्यावर फारसा फरक नाही' हे सांगायला धीर लागतो.

रानजाई

देवराई, हे मला फार आवडलं. असं सांगणारी मुलगी मला भेटली तर मी तिला दिखाऊ म्हणणार नाही. तरीही अनुदानाबद्दलचं माझं मत तसूभर बदललेलं नाही. पालक योजनेतला शहरी माणूस पैसे भरतो ते प्रेमानं, आणि प्रेमाचे पैसे मंदीत सगळ्यात आधी थांबतात. 2019 मध्ये तानादांसाठी वेगळा कायदा झाला, 2022 मध्ये 271 ठिकाणांची 'त्सुनागु तानादा वारसा' म्हणून निवड झाली. फलक लागले. फलकाबरोबर प्रत्येक वाडीला एक पगारी माणूस द्या, मग तो फुटबॉलपटू का असेना. त्या मुलींना शेतमजूर, खेळाडू आणि जाहिरात अशा तिन्ही भूमिका करायला लावू नका.

उत्तरवाट

पगारी माणूस द्यावा, याला माझा पूर्ण पाठिंबा. इथे आपलं भांडण नाहीच.

फक्त त्या माणसाला शिकवायला कोणीतरी हयात असायला हवं. माबूचं तोंड पानांनी कुठे तुंबतं, कोणत्या पायरीला आधी पाणी सोडायचं, हे आज ज्यांना ठाऊक आहे ती माणसं 75-80 वर्षांची आहेत. सरकारचा निर्णय होईपर्यंत ती थांबणार नाहीत. आज त्यांच्या शेजारी फावडं घेऊन उभ्या आहेत त्या याच मुली.

कुणगा

आमच्याकडे बांधाला मेर म्हणतात. मेर घालायला मला आजोबांनी शिकवलं, पायानं दाबत दाबत. माझ्या मुलाला मी शिकवलं नाही, त्यानं विचारलं नाही. दिवाळीला येणार आहे. चार कुणग्यांतल्या एकाची मेर ढासळली आहे, तेव्हा त्याला बरोबर घेऊन जाईन.