मदत हवी आहे: कढीपत्ता आणि मोगरा घरात कधी आणू?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सप्टेंबर संपत आला आणि परसबागेचा रंग बदलायला लागलाय. अंगणातल्या डॉगवुडची पानं कडेकडेने तांबूस झाली आहेत, दोडक्याच्या पानांवर भुरी पसरलीय. टोमॅटो लगडलेत, पण पिकायचं नाव घेत नाहीत. (पहिल्या हिमाआधी ते हिरवेच उतरवून दाण्याचं कूट घालून चटणी करणार. ती मला पिकलेल्यापेक्षा जास्त आवडते.)

खरी काळजी कुंड्यांची आहे. रात्रीचं तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरू लागलंय. तुळस मंजिऱ्यांनी भरलीय, पण खालची पानं काळवंडून गळताहेत. तिचं बी धरून ठेवेन. कढीपत्ता मात्र मला काहीही करून जगवायचाय. त्याच्या शेंड्याला अजून कोवळी, तांबूस पालवी आहे, आणि पानांच्या मागे, मधल्या शिरेला चिकटून तपकिरी खवले दिसताहेत. नखाने खरवडले की निघतात, हाताला चिकटपणा लागतो. खवले कीडच असावी.

तर सांगा, आत आणण्याआधी कडुनिंबाचं तेल फवारून कुंडी काही दिवस वेगळी ठेवू का? माती बदलायची की ते वसंतातच बरं? मोगऱ्याची छाटणी आत्ता करावी का? दक्षिणेकडची एकच खिडकी आहे, हिवाळ्यात तेवढा उजेड पुरतो की दिवा लावावा लागतो?

थंड प्रदेशात कढीपत्ता वर्षानुवर्षं टिकवलेल्यांनी जरूर लिहा. पाणी किती दिवसांनी घालता, तेही सांगा.