कच्च्या वादकांना कार्यक्रमात बसवायचं की नाही?

तापीकाठ:
जळगावच्या आमच्या हौशी वाद्यवृंदात सध्या एकच विषय चाललाय. दिवाळी पहाटेला कच्च्या वादकांनी प्रेक्षकांत बसायचं आणि त्यांच्या जागी नाशिकहून पैसे देऊन तयार वादक आणायचे, असं काहींचं म्हणणं. मला अजिबात पटत नाही. आमच्यात बँकेतले कॅशियर आहेत, केळी लावणारे आहेत, भुसावळहून येणारे एक रिटायर्ड रेल्वे गार्ड आहेत ज्यांनी व्हायोलिन हातात घेतलं तेच साठी उलटल्यावर, आणि ही माणसं रविवारी येतात ती सगळ्यांबरोबर वाजवायला. नुसतं चांगलं ऐकायचं तर यूट्यूब आहेच की. वर्षभर तालमीला आलेल्यालाच ऐनवेळी खाली बसवणार असाल तर वाद्यवृंद काढला कुणासाठी?

काळी_एक:
भावना समजते, पण स्टेज म्हणजे तालमीची खोली नाही हो. लोक पहाटे आंघोळी करून पोराबाळांना घेऊन येतात, त्यांना बेसूर का ऐकवायचं? मी तबला वाजवतो. आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास गेला की तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, तापून सूर चढतो, व्हायोलिनच्या तारा उलट उतरतात, पेटी मात्र आहे तिथंच, मग मी दर गाण्याआधी हातोडीने वादीखालचे लाकडी गट्टे वर ठोकून सूर खाली आणत बसतो. एवढं करूनही शेजारच्याला आपण सुरात नाही हे कळतच नसेल तर किती वर्षं सांभाळून घ्यायचं?

धुळ्याची_ताई:
भाऊ, तुमनं म्हननं खरं शे, पण मध्य प्रदेशातल्या मैहरचा बँड आठवा. १९१८ च्या साथीत अनाथ झालेली पोरं गोळा करून सरोदवादक अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी वाद्यवृंद उभा केला, बंदुकीच्या नळ्यांचं नलतरंग बनवलं. आधी परीक्षा घेऊन पोरं निवडली असती तर मैहर बँड झालाच नसता.

काळी_एक:
ताई, खाँसाहेबांची शिस्त का विसरता? त्यांच्या हाताखाली रियाज चुकवायची कुणाची टाप नव्हती. आमच्याकडे काहीजण पाडव्याला झाकलेलं वाद्य थेट दिवाळीच्या तालमीला उघडतात. मैहर माझ्याच बाजूचं उदाहरण आहे.

अमळनेरी:
आमचा घरचा लग्नाचा बँड आहे, वाजवण्यावरच पोट, त्यामुळे बेसूर आम्हालाही परवडत नाही. तरी नवीन पोराला आम्ही घरी पाठवत नाही. पहिला सीझन झांज, मग साइड ड्रम, क्लॅरिनेट हातात आलं की जुन्या वादकाच्या खांद्याला खांदा लावून उभा करायचा, अवघड तान आली की त्याने थांबायचं आणि मुखड्याला परत सामील व्हायचं. तुम्ही सगळ्यांना सारखंच वाजवायला देता, तिथं गडबड होते.

तापीकाठ:
अमळनेरी, हे आवडलं. गार्डकाकांना मुखडा आणि लांब धरायचे सूर दिले तर ते चोख वाजवतील, मी ऐकलंय त्यांना. तालमीला न येणाऱ्याला स्टेज नाही, हा नियमही मला मान्य. पण बाहेरून माणसं आणायला माझा विरोध कायम. त्या मानधनात आणि गाडीभाड्यात महिन्यातून एकदा चांगला गुरू बोलवता येईल, तो सगळ्यांच्याच कामी येईल.

काळी_एक:
गुरूचं एकदम मान्य, मी वर्गणी वाढवून द्यायला तयार आहे. पण सोलोची जागा तयार माणसालाच, आपल्यात नसेल तर बाहेरून आणा. रविवारच्या मीटिंगमध्येही मी हेच बोलणार.

धुळ्याची_ताई:
सोलो नसलेलं गाणं निवडा ना मग!