बॅटरी काढता येणारा फोनच शोधावा का?

रानवाट: माझ्या फोनची बॅटरी फुगली आहे, मागचं झाकण एका कडेने उचललं गेलंय. बाकी फोन ठणठणीत आहे. पूर्वी नखाने झाकण काढून बॅटरी बदलता यायची. आता बॅटरी आतच असते. पाणी जाऊ नये म्हणून, असं सगळे सांगतात. ते खरं आहे का? नवीन फोन घेताना काढता येणारी बॅटरी बघावी का?

दुरुस्तीवाला: आधी तातडीचं. तो फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि झाकण दाबून बसवायला जाऊ नका. आत वायू साठलाय, आवरण फाटलं तर बॅटरी पेट घेऊ शकते. लगेच दुरुस्तीला न्या.

पाण्याचं कारण मला पटत नाही. २०१४ चा सॅमसंगचा गॅलॅक्सी एस५ बघा. झाकण नखाने निघायचं, तरी आयपी६७ मानांकन होतं, म्हणजे धूळ-पाणी आत जाऊ न देण्याचा दर्जा. झाकणाला आतून रबराची बारीक कड होती, ती चारी बाजूंनी दाबून बसवली की झालं. २०१५ चा एस६ बंद बॅटरीचा आला आणि त्याला आयपी मानांकनच नव्हतं! जागेचा मुद्दा मात्र खरा आहे. सुट्या बॅटरीला कडक कवच लागतं, आतल्या बॅटरीला पातळ आवरण पुरतं, त्यामुळे तेवढ्याच जाडीत जास्त क्षमता बसते.

माझा राग आहे तो बॅटरी चिकटवायच्या गोंदावर. बॅटरीखाली ओढून काढायच्या चिकट पट्ट्या असतील तर ती अलगद सुटते. नसतील तर कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडायचं, गोंद मऊ होईपर्यंत थांबायचं आणि प्लास्टिकच्या पट्टीने जरा जरा उचलायचं. घाई केली की बॅटरी वाकते, आणि वाकलेली बॅटरी पुन्हा वापरायची नसते. बॅटरी झिजणारच, हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. मग ती अशी चिकटवायची कशाला?

सावली_७: पण जुने फोन हातातून पडले की झाकण एकीकडे, बॅटरी दुसरीकडे. शिवाय सुट्या बॅटऱ्यांमध्ये नकली मालही भरपूर होता. मला बंदच बरी वाटते.

दुरुस्तीवाला: नकली मालाचं अगदी बरोबर. पण तो आतल्या बॅटऱ्यांमध्येही तेवढाच आहे, फक्त तुम्हाला दिसत नाही. बदलून घेताना बॅटरी बघायला मागा.

कागदपत्र: युरोपीय संघाच्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे. फोनला एक पळवाट आहे. बॅटरी १००० चार्जिंग सायकलनंतरही (एक सायकल म्हणजे एकदा पूर्ण चार्ज करून वापरणं) ८० टक्के क्षमता टिकवत असेल आणि फोन पाण्यात टिकणारा असेल, तर बदलायचं काम तंत्रज्ञाकडे ठेवता येतं.

रानवाट: फोन बंद करून ठेवलाय, उद्या देतो. मग नवीन घ्यायची घाई नाही म्हणता?

दुरुस्तीवाला: नाही. डिस्प्ले चांगला असेल आणि अपडेट येत असतील तर नुसती बॅटरी बदला. पुढे घ्याल तेव्हा सुटी बॅटरी हवीच असेल तर गॅलॅक्सी एक्सकव्हर७ बघा. जाडजूड आहे, पण आयपी६८ आहे. बंद बॅटरीचा घेणार असाल तर त्या मॉडेलची बॅटरी बदलतानाचा व्हिडिओ आधी बघा. पट्टी ओढून बॅटरी सुटताना दिसली तर बिनधास्त घ्या.