‘प्रसूतिपश्चात नैराश्य’ : बाळंतिणीच्या तोंडचा शब्द कोणता?

गरोदर आणि बाळंत बायकांच्या डिप्रेशनवर एक पानी माहितीपत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडं आलंय. वाटायचं आहे कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत. पहिल्याच ओळीला अडले. ‘प्रसूतिपश्चात नैराश्य’ हा शब्द चुकीचा नाही, पण तो वाचून कुणी बाळंतीण ‘हे माझंच आहे’ म्हणेल असं वाटत नाही.

नैराश्य म्हणजे आशा सुटणं. ते परीक्षेच्या, नोकरीच्या निकालानंतर येतं. ‘औदासीन्य’ तर आणखी लांबचं. उद् + आसीन, म्हणजे बाजूला बसलेला, अलिप्त. गीतेत भक्ताचं वर्णन करताना ‘उदासीनो गतव्यथः’ म्हटलंय, तिथं तो गुण आहे.

माझ्या जावेचं पहिलं बाळंतपण डोळ्यांसमोर आहे. खोलीत ओवा-शेपांची धुरी, डोक्याला घट्ट फडकं, पुढ्यात अळिवाची खीर. खिरीवर साय धरली तरी वाटीला हात नाही. बाळ रडून लाल झालेलं आणि ही भिंतीकडं बघत बसलेली. विचारलं तर एकच म्हणायची, ‘मला करमंना.’ त्यावर घरातल्या मोठ्यांचं उत्तर ठरलेलं: ‘मांडीवर लेकरू असताना करमंना म्हंजे काय?’ मीही तिथंच होते आणि गप्प राहिले. ते अजून सलतं.

तर ‘करमत नाही’ हा शब्द इथं चालेल का? आणखी कुठले शब्द तुमच्याकडं आहेत?

— — —

मी मानसोपचारतज्ज्ञ. वीस-बावीस वर्षं याच बायकांना तपासतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी ‘पश्चात’ काढा. गोव्यात २७० बायकांना गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत तपासलं होतं. तो अभ्यास २००२ साली छापून आला. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं असताना २३ टक्के आयांना डिप्रेशन होतं आणि त्यांतल्या ७८ टक्के जणींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. म्हणजे दुखणं पोटात बाळ असतानाच सुरू होतं आणि आपण नाव देतो ‘नंतर’चं. गरोदर बाई तो मथळा वाचून पत्रक बाजूला ठेवणार.

लोकांच्या तोंडचा शब्द शोधणं हे वरवरचं काम नाही. डॉ. जॉन कॉक्स १९७०च्या दशकात युगांडात गरोदर बायकांचा अभ्यास करत होते. बाळंतिणीच्या मनाच्या आजाराला तिथल्या लोकांचा स्वतःचा शब्द होता, ‘अमाकिरो’. कॉक्सनी त्या शब्दावरच शोधनिबंध लिहिला. पुढं १९८७ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर बाळंतिणीचं डिप्रेशन ओळखायची एडिंबरा प्रश्नावली काढली. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. थकवा किंवा नुसती झोपमोड त्यात मुद्दाम मोजत नाहीत, कारण ती प्रत्येकच बाळंतिणीला असते. झोपेचा प्रश्न आहे तो ‘दुःखामुळं झोप लागत नाही का?’ असा.

ही प्रश्नावली आज जगभर वापरतात, पण भाषांतरात शब्द कसा घसरतो ते सांगतो. सहावा प्रश्न सगळं आवाक्याबाहेर चालल्यासारखं वाटतं का, असा आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी त्याचं मराठी केलं होतं, ‘सगळं अंगावर येतंय का?’ मला ते फार चपखल वाटलं. राधानगरीकडची एक मुलगी म्हणाली, ‘येतंय की डॉक्टर, पर बाळच ओढंना.’ तिच्या लेखी अंगावर येतं ते दूध. चूक माझी होती. आता मी विचारतो, ‘सगळं झेपंना झालंय का?’

— — —

सरकारी दवाखान्यात प्रसूती वॉर्डात सिस्टर म्हणून मी तीस वर्षं काढली. डॉक्टरांचं ‘पश्चात’बद्दलचं म्हणणं पटलं, आणि त्याला आपल्याकडं तयार शब्द आहे: ‘बाळंतपण’. पोरगी सातव्या महिन्यात माहेरी आली की लोक म्हणतात, ‘बाळंतपणाला आली.’ सव्वा महिना होऊन सासरी गेली की बाळंतपण उरकलं. अलीकडचं-पलीकडचं दोन्ही त्यात येतं. ‘प्रसूती’ म्हटलं की फक्त ती घटका.

‘बाळंतवात’ मात्र लिहू नका. ताप चढून बरळली तरी बाळंतवात, अंग आखडलं तरी बाळंतवात. म्हाताऱ्या बायका लगेच शेक-शेगडी वाढवतात आणि पोरीचं मन तसंच राहतं.

‘करमंना’ला माझी एक हरकत आहे. नवी सूनसुद्धा सासरी तेच म्हणते. घरचे म्हणतील, माहेरची आठवण येत असेल, जाईल आपोआप.

— — —

मी परत, मानसोपचारतज्ज्ञ. सिस्टरांची हरकत खरी आहे. त्यावर उपाय शब्दाला मुदत जोडणं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडू येणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांच्या आत ओसरतं. त्याला ‘हळवी झालीय’ म्हणा, पुरेसं आहे. त्यापुढंही राहिलं तर तपासायला हवं. आणि हजारात एक-दोघींना भ्रम होतात, झोप पार उडते, असंबद्ध बोलणं सुरू होतं. तिथं शब्द शोधत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलली तरी तसंच. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पत्रकावर ठळक छापा.

— — —

मनापासून आभार. ‘नैराश्य’ आत मजकुरात एकदा ठेवते, डॉक्टरांच्या कागदावर तो शब्द दिसला तर ओळखीचा वाटावा म्हणून. मथळा असा केलाय:

‘बाळंतपणात पंधरा दिवस झाले तरी करमंना?’

आणि खाली घरच्यांसाठी एक ओळ: ‘ती करमंना म्हणाली तर कधीपासून ते विचारा.’

जावेला फोन करून वाचून दाखवलं. ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, ‘दुसरी ओळ वर घे.’ घेतली.