माझी सगळी खाती बंदिस्त, तरी तो मुलीच्या शाळेपर्यंत पोचला कसा?

सायकलवाली
जुन्या सायकलींच्या दुरुस्तीबद्दल मी लिहिते. चार महिन्यांपूर्वी एकाची चूक दाखवली, तेव्हापासून हा प्राणी हात धुऊन मागे लागलाय. शिव्यांचं काही नाही, ब्लॉक केलं की संपलं. पण परवा त्याने माझ्या मुलीचा गणवेशातला फोटो टाकला आणि खाली एवढंच: ‘सव्वापाचला सुटते ना?’ हातपाय गार पडले. माझी सगळी खाती प्रायव्हेट आहेत, मुलीचा एकही फोटो मी आजवर टाकलेला नाही. सगळं डिलीट करून मोकळी होऊ का?

जुनाखिळा
थांबा, आधी काहीही डिलीट करू नका. तो स्वतःच पोस्ट उडवेल, त्याआधी स्क्रीनशॉट काढा. त्यात पूर्ण लिंक, त्याचं खातं, तारीख-वेळ दिसली पाहिजे. मग पोस्ट रिपोर्ट करा. त्याला उत्तर अजिबात नाही. तुमची तडफड बघायलाच तो बसलाय. आजच शाळेत जा आणि मुलीला कोण नेणार ती नावं लेखी द्या, फोनवर कुणी बदल सांगितला तर ऐकू नका म्हणावं. पोलिसांतही जा. लहान मुलीची सुटायची वेळ लिहिणं म्हणजे धमकीच झाली.
आता फोटो. तो काढला कुणी? लॉगआउट होऊन स्वतःचं आणि घरच्यांचं नाव शोधून बघा.

पहाटधाव
पळण्याचं ॲप असेल तर तेही तपासा. माझा नकाशा रोज माझ्याच फाटकापाशी सुरू होऊन तिथेच संपायचा, आणि तो सगळ्यांना दिसत होता! २०१८मध्ये स्ट्राव्हा या अशाच ॲपच्या नकाशावरून लष्करी तळ ओळखू आले होते, तिथे आपलं घर किती अवघड? सुरुवात-शेवट लपवायची सेटिंग असते.

सायकलवाली
सापडलं. नणंदेचा अल्बम, पब्लिक. बक्षीस घेतानाचा फोटो, मागे फलकावर शाळेचं अख्खं नाव. आणि खाली सासूबाईंची कॉमेंट: ‘सव्वापाचला सुटते, मीच आणायला जाते.’ माझी फ्रेंडलिस्ट उघडी होती, तिथून तो नणंदेकडे गेला असणार. इतके दिवस मी माझ्याच दाराला कुलपं घालत बसले होते. आता नणंदेला सांगू कसं? ती रुसली की महिनाभर रुसते.

जुनाखिळा
‘तुझ्यामुळे झालं’ हे वाक्य गिळा. तिच्या शेजारी बसून तिच्याच फोनवर करून द्या. फेसबुकमध्ये जुन्या पोस्ट एकदम ‘फक्त मित्रांपुरत्या’ करता येतात. फ्रेंडलिस्ट ‘ओन्ली मी’, टॅग आधी तुमच्या मंजुरीला. अल्बम काढल्यावरही फोटो गूगलवर दिसत राहिला तर पालक म्हणून काढायची विनंती करा. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी ती सोय २०२१पासून आहे. मात्र फोटो फक्त गूगलच्या शोधातून जातो, मूळ साइटवरून नाही. तिथे वेगळं भांडावं लागतं.

सायकलवाली
झालं. तक्रार दिली, शाळेने मुलीला दुसऱ्या फाटकाने सोडायला सुरुवात केली. नणंद रुसली नाही, उलट रडली, मग मलाच तिची समजूत काढावी लागली. सासूबाईंनी कॉमेंट स्वतः काढली. आता कुठलाही फोटो टाकण्याआधी त्या मला विचारतात. काल कुंडीतल्या जास्वंदीचाही विचारला.