मदत हवी आहे: अटकेची बातमी छापली, निर्दोष सुटल्याची कशी छापून आणायची?

नमस्कार मंडळी, परभणी जिल्ह्यातून लिहितोय. माझ्या चुलतभावाला खताच्या दुकानातल्या चोरीत संशयित म्हणून उचललं होतं आणि दुसऱ्याच दिवशी पोलीस ठाण्याच्या प्रेस नोटवरून एका दैनिकात "चोरटा जेरबंद" म्हणून बातमी, खाली फोटो, मागं पोलीस उभे अन् पुढं हा उकिडवा बसवलेला, तोंडावर कापडसुद्धा नाही, नाव गाव सगळं. आरोप सिद्ध व्हायच्या आधीच चोरटा कसं काय लिहितात ओ?

यंदा कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं, त्याची एक ओळ कुठं आली नाही. तालुक्याच्या बातमीदाराला निकाल दाखवला तर म्हणे जुनी केस आहे, यात बातमी काय. इकडं सोयरीक जुळत आली की पाहुण्यांच्या मोबाईलवर कुणीतरी तेच कात्रण टाकतंय. चुलती तर आता स्थळाचं नाव काढलं तरी रडती.

वकील साहेब म्हणतात कोर्टात पेपरची बातमी म्हणजे नुसती ऐकीव माहिती, सुप्रीम कोर्टानं १९८८ लाच सांगितलंय. पण गावाला कोण समजावणार? पेपरला सुटकेची बातमी छापायला लावता येतं का? आणि ई-पेपरमधला फोटो काढता येईल का?

प्रतिसाद (लातूर, वकिली करतो):
दादा, बदनामीची केस अवघड आहे, कारण अटक झाली होती हे खरंच होतं. पण प्रेस कौन्सिलच्या (पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था) आचारसंहितेतच आहे की सुरुवातीची बातमी दिली तर शेवटचा निकालही द्यावा, मग सुटका असो की शिक्षा. आधी निकालाची प्रमाणित नक्कल काढा, ती जोडून थेट संपादकाला पत्र टाका, बातमीदाराच्या नादी लागू नका. दाद दिली नाही तर दिल्लीला कौन्सिलकडं तक्रार. दैनिकासाठी मुदत बातमी आल्यापासून दोन महिन्यांची असती, तुमची कधीच गेली, पण सबळ कारण असलं तर अध्यक्ष उशीर माफ करू शकतात, निकाल आत्ता लागला हे स्पष्ट लिहा. कौन्सिल दंड करत नाही, ताशेरे मात्र मारू शकते. अन् पेपरवाल्यांवर सरसकट राग धरू नका, १९७९ ला बिहारचे हजारो कच्चे कैदी सुटले ते इंग्रजी पेपरातल्या बातम्यांवरूनच, हुसैनारा खातून खटला वाचा.

धागाकर्ता:
लई आभार वकील साहेब, सोमवारी नक्कलेचा अर्ज टाकतो. ई-पेपरच्या फोटोचं कुणाला माहिती असेल तर तेवढं सांगा, पाहुणे दिवाळीनंतर परत येणारेत.