कुर्झवाईलचे ८६ टक्के मार्क खरे धरायचे का?

तिरकस: रे कुर्झवाईल या अमेरिकन संशोधक-भविष्यवेत्त्याने १९९९ च्या पुस्तकात २००९ साली काय काय असेल ते लिहून ठेवलं होतं, आणि २०१० मध्ये स्वतःच पेपर तपासला. १४७ भाकितं, ११५ पूर्ण बरोबर, १२ जवळपास बरोबर, झाले ८६ टक्के. १७ अर्धवट, चूक फक्त ३! स्वतःचा पेपर स्वतः तपासल्यावर नापास कोण होतं राव? २००९ मध्ये बहुतेक मजकूर लोक बोलून लिहितील म्हणाला होता, प्रत्यक्षात सगळे कीबोर्ड बडवत होते.

वायफळ: एकच चूक धरून बसलात. डायल-अपच्या जमान्यात तो सांगत होता की वायरी जातील, लोक कॉम्प्युटर अंगावर बाळगतील. आणि बुद्धिबळाचं काय? २००० पर्यंत मशीन जगज्जेत्याला हरवेल हे १९९० ला लिहिलेलं, १९९७ ला आयबीएमच्या डीप ब्लू कॉम्प्युटरने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं.

तिरकस: बुद्धिबळाचं मान्य, शंभर टक्के. साल दिलंय, अट स्पष्ट आहे, हार-जीत कोणीही सांगेल. पण कॉम्प्युटर लहान होतील हे मूरचा नियम (चिपवरचे ट्रान्झिस्टर साधारण दर दोन वर्षांनी दुप्पट होतात) माहीत असलेला कोणीही सांगेल की, आणि त्यालाही तेवढाच एक मार्क? माझा आक्षेप तिथे आहे. चिपचा आलेख त्याला छान वाचता येतो, पण तोच आलेख माणसाच्या शरीराला लावला की गंडतो. २०१९ मध्ये आयुर्मान शंभरीपार म्हणाला होता, जगाची सरासरी ७३ च्या आसपास होती.

मधलीसुट्टी: पण बोलून टाईप करणं आता सर्रास चालतंच ना? उशीर झाला म्हणजे चूकच का?

तिरकस: हो, चूकच. साल त्यानेच घातलं होतं, कोणी जबरदस्ती केली नव्हती.

वायफळ: मग २०२९ ची पैज बघा. २००२ मध्ये मिच केपॉर या सॉफ्टवेअर उद्योजकाशी लावली, दोघांचे दहा-दहा हजार डॉलर, २०२९ पर्यंत मशीन ट्यूरिंग टेस्ट (गप्पांवरून माणूस की मशीन ते ओळखू न येणं) पास होणार की नाही यावर. चॅटबॉट आत्ताच पास झालेत म्हणा.

तिरकस: नियम वाचलेत का? तीन परीक्षक, समोर तीन माणसं आणि एक मशीन, प्रत्येक परीक्षकाने प्रत्येकाशी दोन-दोन तास बोलायचं. पाच मिनिटं गप्पा मारून गंमत वाटली म्हणून पास नाही करत तिथे. पण भाकीत असंच हवं, निकाल कसा लावायचा ते आधीच ठरलेलं.

वायफळ: म्हणजे माणूस स्वतःहून इतक्या कडक अटी मान्य करतो आणि तरी तुम्ही त्याला स्वतःचे मार्क वाढवणारा म्हणणार. घ्या!